तिसावा नमुना

१

मंगळवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. ठाण्याच्या दोन नंबरच्या कोठडीतला माणूस मेलेला आढळला.

वय चौतीस. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात झडपा उघडण्या-मिटण्याची नोकरी. तांब्याच्या केबलची चोरी झाली म्हणून त्याला त्याच सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कामावरून उचलून आणलं होतं. अकरा पंचावन्नला डॉक्टर आले. बारा वाजून दहा मिनिटांनी कोठडीच्या नोंदपत्राचा फोटो ठाण्यातून नियंत्रण कक्षाकडे गेला. साडेबाराला ठाणेदार बाहेरच्या पाहणीवरून परतले, असं त्यांचं म्हणणं.

बुधवारी प्राथमिक चौकशीचं काम पोलीस प्रशिक्षण शाळेतल्या निरीक्षक बाईंच्या गळ्यात पडलं. नऊ वर्षं त्या शाळेत मानवाधिकार आणि कायदा शिकवत होत्या. प्रशिक्षणार्थी त्यांना मागून कलमबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी कधी कुणाला टोकलं नव्हतं.

"तुमचं कुणाशी वाकडं नाही, म्हणून तुम्हाला दिलं," अधीक्षक म्हणाले. "शुक्रवारी पाचपर्यंत अहवाल द्या. हृदय बंद पडलेलं दिसतंय. पहाऱ्यावरच्या माणसाचा थोडा हलगर्जीपणा. दोन पानांत आटपेल."

बाहेर बाकावर मेलेल्याची थोरली बहीण बसली होती. कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवणारी बाई. बोटांना सुईचे बारीक डाग. ती उठली नाही.

"बाई, मला एकच सांगा. तुम्ही काय लिहाल त्याच्यावर खुनाचा गुन्हा नोंदणार का?"

"नैसर्गिक मृत्यू लिहिला तर फाईल इथेच मिटते," कलमबाई म्हणाल्या. "तसं लिहिलं नाही तर पुढे जाते."

"मग नीट बघून लिहा. दवाखान्यातली चादर आखूड होती. मी त्याचे तळवे बघितले. वांग्याच्या रंगाचे झाले होते. हृदय काय पायात असतं का?"

कलमबाई तिच्याशेजारी बसल्या आणि नोंदपत्राची प्रत तिला वाचून दाखवू लागल्या. साडेसात ते साडेअकरा, दर अर्ध्या तासाला एक, अशा नऊ नोंदी होत्या. जागा आहे. श्वास नियमित. पाणी दिले. तक्रार नाही. दहा वाजता: अधिकारांचा फलक वाचण्यासाठी आरोपीस त्याचा चष्मा परत दिला.

बहिणीने हात वर केला. "कुणाचा चष्मा?"

"तुमच्या भावाचा."

"तो पंपघराच्या टाकीवर उभा राहून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचायचा. त्याला आयुष्यात चष्मा नव्हता."

२

कलमबाईंनी पान उलटलं. मागच्या बाजूला अंगझडतीची यादी होती. पट्टा एक, किल्ल्यांचा जुडगा एक, मोबाईल एक, हातरुमाल एक. चष्मा नाही.

पण त्या थांबल्या वेगळ्याच कारणाने. चष्म्याचं ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं, शब्दाला शब्द, दोन महिन्यांपूर्वी, घरच्या टेबलावर बसून.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. प्रत्येक तुकडीला त्या एका काल्पनिक आरोपीचं नमुना नोंदपत्र वाटत. नोंदी अगदी आदर्श, पण एक खोटी. मागच्या यादीत नसलेली एखादी वस्तू पुढच्या नोंदीत घुसवलेली असे. यंदा पहिल्या तुकडीला घड्याळ, दुसरीला काठी, तिसरीला कानाचं यंत्र, चौथीला चष्मा. अर्धा तास शोधा म्हणायचं आणि मग तोंडी उलगडा करायचा: 'नोंद लिहिण्याआधी पान उलटा. यादीत नाही ते आरोपीच्या हातात देता येत नाही.' उत्तर त्या कधी छापत नसत. छापलेलं उत्तर पुढच्या तुकडीच्या खिशात सापडतं, हा नऊ वर्षांचा अनुभव.

म्हणजे मंगळवारच्या नोंदी चौथ्या तुकडीच्या कागदावरून उतरवल्या होत्या.

अक्षर मात्र पहाऱ्यावरच्या हवालदाराचं होतं. सगळं ठाणं त्याला काका म्हणे. निवृत्तीला आठ महिने उरले होते, म्हणून त्याला कुठल्याच तुकडीत पाठवलं नव्हतं. जाणाऱ्याला कशाला शिकवायचं, असा शेरा होता.

काका खुर्चीच्या कडेवर बसला. टोपी मांडीवर.

"नोंदी मी लिहिल्या, बाईसाहेब. सही माझी आहे."

"नऊच्या नऊ एकाच दमात लिहिल्या. शाई सारखी, हात सारखा. सकाळी साडेसातच्या नोंदीत हात जेवढा थरथरलाय तेवढाच साडेअकराच्या."

"वय झालं."

"आरोपीला चष्मा कुठून काढून दिला?"

काकाने टोपीवरचा बिल्ला अंगठ्याने पुसला. "दिला असेल."

"काका, एकवीस वर्षं मी पोलिसांच्या नोंदी वाचतेय. तुमच्या जुन्या वह्याही वाचल्या. तुम्ही 'आरोपी बरा' एवढंच लिहिता. 'श्वास नियमित' तुम्ही जन्मात लिहिलेलं नाही. कुणी सांगितलं आणि तुम्ही लिहून घेतलं?"

"तुम्ही शिकवता तसं लिहिलं, तरी ओरडा. नाही लिहिलं, तरी ओरडा." काका पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत म्हणाला. "मला आठ महिने काढू द्या, बाईसाहेब."

"आणि त्या माणसाला?"

काका टोपी घालून उठला. दारापर्यंत गेल्यावर मात्र थांबला.

"नऊ ते अकरा मला पुढच्या फाटकावर उभं केलं होतं. कोठडीची किल्ली माझ्याकडून घेतली होती," तो म्हणाला. "हे मी बोललो नाही."

३

ठाणेदाराची खोली स्वच्छ होती. मागच्या भिंतीवर एक चौकटीतलं प्रमाणपत्र: मानवाधिकार प्रशिक्षण, तीन दिवस, पूर्ण. खाली कलमबाईंची सही.

"या मॅडम, गुरुस्थानी तुम्ही," ठाणेदार उठून म्हणाले. चाळिशीचे, शांत, नखं कापलेली. "बघा, तुमचे मानवाधिकार कुठे लावलेत. डोक्याच्या वर."

"मंगळवारी सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"सव्वासातला आरोपीला बघितलं, साडेआठला बाजाराकडे पाहणीला गेलो. एकटाच, साध्या कपड्यांत. साडेबाराला आलो तर हे सगळं होऊन बसलेलं."

"नोंदपत्र कधी बघितलंत?"

"आल्यावर. छान ठेवलंय. काकाने इतकं छान ठेवलं म्हणून मलाच नवल वाटलं. तुमच्या शिकवणीचा फायदा बघा, कागद कसा चोख. पूर्वी असं काही झालं की कागदच नसायचा, आणि आम्ही तोंडघशी पडायचो."

ते खरंच कौतुकाने बोलत होते. कलमबाईंना ते कौतुक नकोसं झालं.

"आरोपीचा चष्मा मिळाला नाही," त्या म्हणाल्या.

"पडला असेल इथेतिथे."

"तुम्ही बघितला होता?"

"सकाळी होता की त्याच्या डोळ्यांवर. काळ्या काड्यांचा."

"नक्की?"

"मॅडम, माणूस बघायची सवय आहे आम्हाला."

कलमबाईंनी ते वाक्य शब्दाला शब्द उतरवून घेतलं, वाचून दाखवलं आणि खाली सही मागितली. ठाणेदारांनी हसत सही केली. मग पेन बंद करताना म्हणाले, "काकाच्या बाबतीत जरा सांभाळून घ्या. म्हातारा माणूस. डुलकी लागली असेल."

बाहेर लेखनिकाच्या टेबलामागे आरोपीच्या अधिकारांचा मोठा फलक होता. त्याच्यासमोर कपाट सरकवून ठेवलं होतं. कपाटाच्या वर फलकाची फक्त पहिली ओळ दिसत होती.

कोठडीतून तर तीही दिसत नव्हती.

४

लेखनिकाचं टोपणनाव टाचणी. दोन टाचण्या कायम ओठांत धरून काम करायचा. बोलायचं झालं की त्या आधी हातावर काढून ठेवायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक उत्तराला उशीर लागे. तो चौथ्या तुकडीत होता.

"नमुना नोंदपत्र तुमच्याकडे होतं," कलमबाई म्हणाल्या.

टाचण्या हातावर आल्या. "परीक्षेच्या कागदाला जोडून परत दिलं, मॅडम. तुमचाच नियम."

"मंगळवारी काकांना नोंदी कुणी सांगितल्या?"

"मी टपालाचा माणूस. कागद समोर आला, फोटो काढला, बारा दहाला नियंत्रण कक्षाला पाठवला."

"इतक्या तातडीने कुणी पाठवायला सांगितलं?"

"कुणी नाही. पण नोंद एकदा वर गेली की खाली बदलता येत नाही. तेही तुमच्याच वर्गात ऐकलेलं."

त्याने टाचण्या परत तोंडात ठेवल्या. मुलाखत संपली होती.

गुरुवारी दुपारी कलमबाईंनी शाळेतलं कपाट उघडलं. चौथ्या तुकडीला तीस नमुने छापले होते, आणि वर्ग संपताना प्रत्येकाने आपला नमुना उत्तराला टाचून द्यायचा होता. त्यांनी गठ्ठा सोडला. लेखनिकाचा कागद सहावा निघाला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण. चष्म्याच्या ओळीभोवती त्याने लाल गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं: यादीत चष्मा नाही, ही नोंद बनावट.

हा माणूस तीच ओळ दोन महिन्यांनी खऱ्या नोंदपत्रात घालेल, हे शक्य नव्हतं. ती ओळ जाताना बघितली मात्र असेल. बघून गप्प बसला, आणि कुणाला सुधारायची बुद्धी व्हायच्या आत वर पाठवून दिली. त्याच्या धैर्याची हद्द तेवढीच होती.

त्यांनी नमुने मोजले. एकोणतीस. पुन्हा मोजले. एकोणतीसच.

तिसावा ज्याच्याकडे होता त्याने परीक्षा दिलेली नव्हती. अधिकाऱ्यांना परीक्षेतून सूट होती, आणि त्या तुकडीत अधिकारी एकच होता. कलमबाई खुर्चीत टेकल्या. त्यांना तो तिसरा दिवस लख्ख आठवला. चार वाजता समूह-छायाचित्र. पावणेचारला ठाणेदार गाडीतून उतरले. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी वर्गाचं तोंड बघितलेलं नव्हतं. शाळेचे प्राचार्य कानाशी म्हणाले, "घ्या सांभाळून, साहेब कामात असतात." ठाणेदारांनी हजेरीपटाच्या तीन चौकटींत एका झटक्यात तीन सह्या ठोकल्या. शिपायाने त्यांना पिशवी दिली: वही, पेन, प्रमाणपत्र आणि एक उरलेलं नमुना नोंदपत्र.

कागद त्यांना मिळाला होता. उलगडा मिळाला नव्हता. वर्गात बसलेल्या कुणीही त्या चष्म्याला हात लावला नसता. तो नोंदीत उतरवणारा एकच माणूस असू शकत होता: ज्याच्याकडे नमुना होता आणि जो वर्गात नव्हता. आदर्श नोंदपत्र कसं दिसतं हे त्याला कागदावरून कळलं होतं, आणि त्यातलं खोटं कुठे आहे हे सांगायला कुणी नव्हतं.

बाकीचं सरळ होतं. बारा दहाला फोटो गेला, म्हणजे नोंदी त्याआधी लिहून झाल्या. सांगणारा त्याआधी ठाण्यात हजर होता. ठाणेदार म्हणतात साडेबारा. जो माणूस सगळं होऊन गेल्यावर आला, त्याला आपली वेळ खोटी सांगायचं कारण नसतं. किल्ली नऊ वाजता काकाकडून घेतली गेली, आणि हवालदाराकडून किल्ली मागू शकेल असा त्या इमारतीत एकच हुद्दा होता.

कलमबाईंनी लिहायला घेतलं. चौथ्या पानावर त्यांचा हात थांबला. हजेरीपट समोर उघडा होता. ठाणेदारांच्या तीन सह्यांखाली 'तपासले, बरोबर' असा शिक्का होता, आणि शिक्क्यावर त्यांची स्वतःची सही.

५

शुक्रवार, चार वाजून वीस मिनिटं. अधीक्षकांनी अहवाल उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"डोकं चालतं तुमचं," ते म्हणाले. "पण ही सगळी साखळी एका खुंटीला टांगलीय. ठाणेदार वर्गात नव्हता, ही ती खुंटी. चष्मा बघितल्याची सही म्हणाल, तर नोंदपत्र वाचून तसं बोललो म्हणेल. हजेरीपट म्हणतो तीनही दिवस होता. होता, तर त्याने तुमचा उलगडा ऐकला. ऐकला, तर तो ही चूक करणार नाही. तुमच्याच तर्काने तो सुटला. हो ना?"

"हो."

"मग उरलं कोण? लेखनिक आणि म्हातारा. आणि मयताचं हृदय."

"हजेरीपट खोटा आहे, साहेब."

"सही कुणाची त्याच्यावर?"

"माझी."

अधीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला. आता ते जवळजवळ वडीलधाऱ्यासारखे बोलत होते.

"ऐका. खोट्या नोंदीवर शिक्कामोर्तब, तेही मानवाधिकाराच्या वर्गाच्या. हे लिहून दिलंत तर पहिली चौकशी तुमची होईल. नऊ वर्षांत तुम्ही दिलेली सगळी प्रमाणपत्रं संशयात येतील. चार वकील कोर्टात उठून म्हणतील, ह्या बाईंच्या सहीला अर्थ काय? तुमची साक्ष तिथेच संपली. त्यापेक्षा हलगर्जीपणा लिहा. त्या बहिणीला मी स्वतः समजावतो."

"तिला काय समजावणार?"

"की माणसं मरतात."

"तुमच्या वेळी असा वर्ग नव्हता, नाही का साहेब?"

"नव्हता. आम्ही मारायचो आणि लिहायचो नाही. आता सगळं लिहिलेलं असतं." ते थोडं हसले, पण त्यात मजा नव्हती. "सुधारणा म्हणा."

कलमबाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि त्यांच्यासमोरच लिहिला. सात ओळी. अमुक तारखेला तीन दिवसांची हजेरी एकदम घेतली गेली हे मी डोळ्यांनी पाहिलं, तरीही 'बरोबर' म्हणून सही केली. मी तेव्हा सही नाकारली असती तर प्रमाणपत्र निघालं नसतं. ही माझी चूक मी मान्य करते, आणि अहवालाचा भाग म्हणून जोडते. त्यांनी पुन्हा एकदा वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त केला, कारण सवय जात नाही.

आवक खिडकीवर चार पन्नासला शिक्का बसला. खिडकीतल्या कारकुनाने पानं मोजली. "पाच पानं म्हणाला होतात. सहा आहेत."

"सहाच," कलमबाई म्हणाल्या.

६

सोमवारी तीन आदेश निघाले. पहिला: हजेरीपटात खोटी नोंद प्रमाणित केल्याबद्दल निरीक्षक बाईंची विभागीय चौकशी, निकाल लागेपर्यंत त्यांनी वर्ग घेऊ नये. दुसरा: पहाऱ्यात कसूर केल्याबद्दल काका निलंबित. तिसरा: मृत्यूच्या कारणाबाबतचा अहवाल विधी शाखेच्या अभिप्रायासाठी पाठवण्यात येत आहे. ठाणेदारांबद्दल आदेश नव्हता. पाचवी तुकडी ठरल्याप्रमाणे सुरू झाली. नवीन शिक्षकाने नमुना नोंदपत्रं छापली आणि वेळ वाचावा म्हणून उत्तर मागेच छापून टाकलं.

बहिणीने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. सोबत अहवालाची प्रत होती. ती तिला कुणी दिली, हे अर्जात नाही. दंडाधिकाऱ्यांनी काकाला जबाबासाठी बोलावलं.

गुरुवारी सकाळी कोर्टाच्या वऱ्हांड्यात बहीण आणि कलमबाई एकाच बाकावर बसल्या होत्या. काका आला तेव्हा साध्या कपड्यांत होता, आणि त्यामुळे आधी कुणी ओळखलं नाही. ठाणेदारांचा चालक त्याच्यासोबत जिन्यापर्यंत आला होता. तो खालीच थांबला.

"काका," बहीण म्हणाली. तिने त्याला याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण कलमबाईंनी नजरेने दाखवलं होतं, आणि सगळे काका म्हणतात हे तिने ऐकलं होतं. "त्याने पाणी मागितलं होतं का?"

काका थांबला. त्याने कलमबाईंकडे बघितलं, जणू उत्तर द्यायची परवानगी त्या देणार होत्या.

"मी फाटकावर होतो, बाळ," तो म्हणाला. "आवाज यायचा."

"कसला?"

पुकारा झाला. काकाने चपला दाराबाहेर काढल्या. तशी काही गरज नव्हती. मग तो आत गेला. दार लागलं.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. ठाणेदारांचा चालक दोनदा वर येऊन दार बघून गेला. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना त्या वेळेपर्यंत कोरा होता. दीड वाजता बाकीची कोर्टं जेवणासाठी उठली, त्या दोघींचा बाक सोडून वऱ्हांडा रिकामा झाला. काकाच्या चपला दाराबाहेर होत्या, आणि दार उघडलेलं नव्हतं.